शाळेच्या छपराखालचे गोडजेवण

मी, मनुबाई भ्रतार कैलासवासी नाथाजी निकम, वय छप्पन्न, राहणार करंजवाडी, नजीक कडेगाव, तालुका खानापूर, जिल्हा दक्षिण सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी माझे काळीज थकल्याचे सांगितले आहे. डोके थकलेले नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. मी रागात आहे हे खरे. पण हा राग चैत्रापासूनचा आहे, तेव्हा तो क्षणाचा होता असे कोर्टात कोणी म्हणू नये.

कलम १. पतीची वडिलोपार्जित जमीन माझ्याकडे हयातीपुरती आहे. माझ्यामागे ती माझे दीर आप्पासो यांना जाईल. कायदा तसा आहे, म्हणून त्यावर मी शाई खर्च करीत नाही. पुढचे सारे माझे स्त्रीधन आहे.

कलम २. सांगलीत हळदीच्या पेठेमागे माझ्या वडिलांनी मला दिलेले घर आहे. वडील पलटणीत सुभेदार होते. आई लहानपणीच गेली, तेव्हा त्यांच्या गोऱ्या साहेबाच्या शिफारशीने मला पाचगणीच्या कॉन्व्हेंटात ठेवले. सुट्टीला मी या घरी येई. हळदीच्या दिवसांत माझे पांढरे मोजे दारातच पिवळे होत आणि वडील ते स्वतः धूत. ते घर विकवत नाही, तरी विकावे. त्या रकमेतून करंजवाडीच्या शाळेच्या पाचवी ते सातवीच्या खोल्यांसाठी सागवान, मंगलोरी कौले आणि बाके घ्यावीत. मजुरीवर मात्र एक पैही खर्च करू नये. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ३. आमच्या शाळेची सातवी तालमीच्या ओट्यावर बसते. आत पैलवान शड्डू ठोकतात आणि बाहेर मुले भूगोल म्हणतात. पाडव्यानंतर स्कूल बोर्डाचे साहेब सांगून गेले की दगडमाती आणि मेहनत गावाने द्यावी, मास्तर बोर्ड देईल. नाहीतर चौथीच्या पुढचे वर्ग बंद. मग मुलांनी कडेगावला चालत जायचे. मुली जाणार नाहीत, हे सांगायला साहेब कशाला हवा?

मारुतीच्या देवळात पालकांची सभा भरली. आप्पासो म्हणाले, "आमची पोरं सांगलीला बोर्डिंगात हायती. आमी हितं कुणासाठी दगडं वाहायची?" भाऊकीतला नानासो म्हणाला, "माझं प्वार चौथी झालं की पलटणीत न्हाईतर मुंबईला गिरणीत. सातवी काय चाटायची हाय?" हरणाबाई मेंढके दाराशी उभी होती. तिची भामा यंदा सहावीत आहे. ती म्हणाली, "आवं, माझ्या मेंढरास्नी रातच्याला जाळ्याचं वाघूर हाय. पोरीस्नी छप्पर नगं व्हय?" त्यावर मंडळी हसली.

मग मी बोलायला उठले. आप्पासो मला म्हणाले, "वहिनी, तुमी खाली बसा. ज्याला प्वारच न्हाई, त्यानं साळंची काळजी कशापायी करावी?"

माझे मूल पाळण्यातच गेले, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोणी आप्पासोंना गप्प केले नाही. त्या सगळ्यांना मी हे कलम देते. याहून दुसरे त्यांना देण्यासारखे माझ्यापाशी काही नाही.

तरी मी बसले नाही. शेवटी शाळेसाठी इर्जिक घालायचे ठरले. आमच्याकडे एकाच्या कामाला सारा गाव बैलगाड्या घेऊन फुकट राबतो आणि संध्याकाळी ज्याचे काम त्याच्या घरी जेवतो, ती इर्जिक. नारळ पाठवून बोलावतात. एकाच दिवसाचे दोन नारळ आले, तर ज्याचा आधी पोचला त्याच्याकडे जायचे. मी अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवसासाठी नारळ आणवले. आप्पासोंनी त्याच दिवसासाठी आपले नारळ माझे निघायच्या आदल्या सांजेलाच घरोघर फिरवले, गुऱ्हाळाच्या नव्या छपरासाठी. एक माझ्याही दारी आला.

शाळेच्या कामाला एक गाडी आली नाही. हरणाबाई, तिचा नवरा धुळा आणि त्यांचे चार भाऊबंद डोक्यावर दगड घेऊन आले. भिंत कमरेइतकी झाली. गावासाठी शिजवलेले अन्न मी त्या सहा माणसांसमोर वाढले, तेव्हा गुऱ्हाळावरून मटणाचा वास येत होता.

कलम ४. माझे शिवणाचे यंत्र भामाला द्यावे. ती सातवी होवो वा न होवो, ते तिचेच. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर आचाऱ्याच्या मुलीला आणि संस्थानिकाच्या पुतणीला एकाच बाकावर बसवीत, आणि दोघींच्या मधे मी असे. मला घर आठवून रडू आले की आचाऱ्याची मुलगी स्वतःचा पदर पुढे करी. भामाला पाहिले की ती आठवते.

कलम ५. पुस्तकांची ट्रंक शाळेला. तालमीत ठेवू नये, तेल लागेल.

कलम ६. माझ्या देहाला अग्नी आप्पासोंनीच द्यावा. भाऊकीत तो मान त्यांचा आहे आणि मी तो काढून घेत नाही. मात्र अग्नी देणाऱ्यानेच गोडजेवण घालायचे असते, आणि ते झाल्याशिवाय भाऊकीचा दुखवटा उठत नाही. दुखवटा असताना कोणाच्या दारी मांडव पडत नाही. आप्पासोंना तीन मुलगे आणि लग्नाच्या पुतण्या आहेत. मी कधीही मेले तरी कुठले ना कुठले लग्न निघालेलेच असेल.

माझे गोडजेवण शाळेच्या नव्या छपराखालीच व्हावे, दुसरीकडे झालेले मला पोचणार नाही. तेराव्याला माझ्या नावाने इर्जिक घालावी. कमरेइतकी भिंत उभी आहे, तिथून पुढे उचलावी. एका दिवसात होणार नाही, तर रोज यावे. मजूर लावले तर ती मनुबाईची शाळा होईल आणि कौल फुटले की कोणी वर चढणार नाही. आधी छपराचे आढे चढेल, मग पंगत बसेल. पहिले पान हरणाबाईचे.

मी सिस्टरांच्या हाताखाली शिकले, मला कावळ्याचे काही नाही. आप्पासोंना आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर काय कबूल करायचे ते आता त्यांना शोधत बसायला नको.

कलम ७. आप्पासोंनी पाठवलेला तो नारळ मी फोडला नाही. देवळीत ठेवला आहे, आता खुळखुळतो. तो त्यांना परत द्यावा. शाळेचे आढे चढेल त्या दिवशी तो त्यांनी आपल्या हाताने फोडावा आणि खोबरे सातवीच्या मुलामुलींना वाटावे. खवट निघाले तरी वाटावे.

या कागदाची अंमलबजावणी हेडमास्तर कृष्णात लोहार यांनी करावी. वाचून पाहिले, बरोबर आहे, रागही उतरलेला नाही.

मुक्काम करंजवाडी, तारीख ११ डिसेंबर १९४९

सही: मनुबाई नाथाजी निकम

आम्हा दोघांच्या देखत बाईंनी सही केली:
१. कृष्णात लोहार, हेडमास्तर
२. राहीबाई गुरव, याच शाळेतून सातवी पास