अकरा वेळा अडलेला कीबोर्ड

२ जानेवारी १९८९, लाखनी

परत अडला! पडद्यावरचं घड्याळ चालू, माउस हलवला की बाण फिरतो, खिडक्या उघडतात — आणि कीबोर्ड ठार मेलेला. वीज बंद करून पुन्हा सुरू केलं तेव्हा कुठे हलला. सकाळपासून भरलेली सभासदांची नावं गेली ती गेलीच.

धान संघाचं हे नवंकोरं यंत्र, एक सोडून दोन प्रोसेसरचं. आमचे मॅनेजर भय्याजी दारातूनच म्हणाले, "वीस तारखेपर्यंत सुधरलं त तुमची नोकरी पक्की, उषाबाई. नाई त तुलारामले बसवतो."

मला ही नोकरी हवी आहे. अगदी हवी आहे!

४ जानेवारी

नागपूरच्या इंजिनिअरला ट्रंककॉल. म्हणाला, दोन प्रोसेसर एकमेकांच्या पायात येत असतील, एक बंद करून बघा. केला. यंत्राची बैलगाडी झाली, आणि तासाभरात कीबोर्ड तसाच अडला.

६ जानेवारी

कीबोर्डच बदलला. अडला.

१० जानेवारी

गेले आठ दिवस टिपून ठेवलंय — किती वाजता अडला, कोण बसलं होतं. अकरा वेळा. अकराही वेळा मी!

कारकून तुलाराम दोन बोटांनी ठोकत बसतो, त्याच्या हातून एकदाही नाही. बिचारा ओशाळला. "बाई, मी त काहीच नाई करून राहिलो." भय्याजी मात्र हसले, "मशीनले बी बाईमानूस समजते." अस्सा संताप आला! मीही हट्टालाच पेटले आहे.

१३ जानेवारी

सापडलं!! खुर्चीतून उठले, दाराच्या कडीला हात लावला — चट्! ठिणगी. थंडी कडक, हवा कोरडी. यंत्राला धूळ लागू नये म्हणून चपला बाहेर, आत नायलॉनचा गालिचा. साडी नायलॉनची, खुर्ची रेक्झिनची — घासून घासून अंगात वीज साठते. तुलाराम सुती धोतरात. ती ठिणगीच बोटातून कीबोर्डात जाते!

१४ जानेवारी

सुती लुगडं नेसून दिवसभर बसले. एकदाही नाही. संध्याकाळी घरी जाऊन नायलॉन नेसून आले. दहा मिनिटांत अडला! यंत्र अडल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

१६ जानेवारी

मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा, जिथून यंत्रातली जादा वीज जमिनीत जायची, तोच कोरडा ठणठणीत होता. तुलारामनं मीठ-कोळसा घालून चार घागरी पाणी ओतलं. गालिचा गुंडाळला. आज नायलॉन नेसूनच बसले — साडेसात तास, एकदाही अडला नाही.

१७ जानेवारी

भय्याजींना सगळं लेखी दिलं. दोन पानं. पहिल्यावर दोष, दुसऱ्यावर इलाज. काही लपवलं नाही — अकराही वेळा मीच होते, माझ्या साडीमुळे, तेही. "झकास! संचालकांच्या बैठकीत ठेवतो," म्हणाले.

२० जानेवारी

हुकूम आला. जागा तुलारामला. कारण — 'महिला कर्मचारी बसल्यास यंत्र अडते, असे त्यांनी स्वतः लेखी कळविले आहे.' सोबत माझं पहिलं पान जोडलंय. फक्त पहिलं.

दुसऱ्या पानाच्या नकला करायला बसले आहे — प्रत्येक संचालकाला एक.