आईच्या नाकाची चांदी

अप्पा, हे लिहायचं मी लई दिवस टाळत आलो. एकदा कागद घेतला तर पेन चालंना, एकदा पेन चाललं तर समोर उमरग्याची जीप उभी होती आणि तिच्यात जागा होती, मग मी बसलो आणि गेलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, ह्याच्या बुडाला चाकं हायत. असू द्या. आज लिहायला बसलोय ते प्रेम उतू चाललंय म्हणून नाही, राग आलाय म्हणून. माणूस मेलं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही. उलट मुरलाय, लोणच्यासारखा.

सध्या लोहाऱ्यात आहे. एका दोस्ताचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मागं पत्र्याखाली त्यानं मला एक टेबल दिलंय. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात होतो ते सुटलं, हैदराबादला लॉजवर होतो ते मी सोडलं, मधी एका टँकरवर क्लीनर होतो, त्याची गोष्ट लई मोठी आहे, ती नको. आता मी बाहुले साफ करतो. हसू नका. पोरांचे नाहीत. मोठी शिकलेली माणसं काचेच्या कपाटात ठेवतात तसले, हातभर उंच, बोटाची पेरंसुद्धा हलतात. कुणाचा रंग उडतो, कुणाचा गुडघा निखळतो, ते माझ्याकडं कुरिअरनं पाठवतात. दहावीला सोडलेल्या शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. मोबाइलवर बघून शिकलो, आणि थोडं तुमच्याकडं बघून. ते दुसरं मी कुणाला सांगत नाही.

ह्या आठवड्यात लातूरच्या एका दाताच्या डॉक्टरचा बाहुला आलाय. चिलखत घातलेला शिपाई. डोक्यापासून पायापर्यंत आरशासारखं चिलखत, छातीवर वेलबुट्टी, आणि त्या सगळ्यावर मळ. वापरून बसलेला नाही. कंपनीनं मुद्दाम लावून पाठवलेला. लढाईतनं आल्यासारखा दिसावा म्हणून काळपट रंग फासायचा, वर थोडा गंज रंगवायचा, आणि तसा मळका बाहुला कोऱ्यापेक्षा महाग विकायचा. दोस्त तर हसून हसून खुर्चीवरनं पडायचा राहिला. "एवढ्यासाठी कंपनी कशाला? लोहाऱ्याच्या स्टँडवर एक दिवस ठिवायचा की बा, फुकट काम झालं असतं." आणि डॉक्टर फोनवर म्हणतात, "भाऊ, मला हा मळ नको. पेशंटचे दात बघून बघून डोकं फिरतं, निदान कपाटात तरी काही स्वच्छ असू द्या. पार लख्ख करून टाका."

लख्ख. हा शब्द ऐकला आणि मला तुम्ही दिसलात. तुळजापुरातली आपली ती दुकानाची फळी, खाली चाक, चाकाला कापडाची गादी, वर तुम्ही, मिशीवर चांदीची करडी धूळ. दोस्त कर्नाटकाच्या बाजूचा, त्याच्या घरी टाक नाहीत, म्हणून त्याला सगळं सांगावं लागलं. सांगितलं, टाक म्हणजे तळहातात मावणारा चांदीचा पत्रा, त्यावर देव उठवलेला. पूजा करून, हळदीकुंकू बसून, तो काळा पडतो, मग लोक तुळजापूरला येताना तो सोबत आणतात, भवानीला भेटवायचा आणि उजळून न्यायचा. माझा बाप ते उजळायचं काम करायचा. रिठ्याच्या पाण्यात उकळून पितळी तारांच्या ब्रशानं घासायचा तवर ठीक होता. पुढं त्यानं पॉलिशचं चाक आणलं. दोस्त म्हणाला, "म्हंजे तू बापाचाच धंदा करायलास की." मी त्याच्या अंगावर रिकामा डबा फेकून मारला. लागला नाही त्याला.

रिठ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. सकाळी शाळेला जाताना पातेलं उकळत असायचं, त्यात कुणाकुणाचे देव एकमेकांवर आपटत वाजत असायचे. ते मला आवडायचं. ते खोटं नाही, लिहून टाकतो. पण मी ज्यासाठी बसलोय ते हे नाही.

आई गेली तेव्हा मी रांगत होतो. तुम्ही दुसरं लग्न केलं, आणि गेलेल्या बायकोचा टाक दुसरीनं घालायच्या रीतीप्रमाणे त्या नव्या बायकोच्या, मी जिला मावशी म्हणत आलो तिच्या, गळ्यात आईचा टाक घातला. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला लावायचं, मग मावशीनं नेसायचं. पहिलं कुंकू टाकाला, मग स्वतःला. मावशी बिचारी हे सगळं करत आली. मी तिला कधी आई म्हणालो नाही, तीही कधी म्हण म्हणाली नाही. बाजारात गेलेल्या बायकांचे टाक मिळतात ते साच्यातले, कुणाचीही बायको कुणालाही चालावी असे. तुम्ही मात्र आईचा टाक स्वतः केला. तापवून मऊ केलेल्या राळेवर पत्रा बसवून, बारीक छिन्नीनं मागून ठोकत ठोकत. लांब नाक, डाव्या बाजूला नथीचा ठिपका, आणि मान जराशी कललेली. मावशीच मला सांगायची, "तुजी आय अशी मान कलती करून ऐकायची म्हणं. माज्या लग्नात समद्या बायका ह्यो टाक बघून गप झाल्या." मी मावशीच्या मांडीवर झोपायचो ते त्या टाकाला बोटानं चाचपत. नाक हाताला लागायचं.

आणि मग तुमचं चाक. दरसाल नवरात्राच्या आधी तुम्ही हात पुढं करायचा, "आण इकडं. घरातला देव काळा आन् दुनियेचे देव मी उजळतोय, लोक काय म्हणतील?" मावशी म्हणायची, "ऱ्हाऊ द्या की, रिठ्यानं धुते मी." तुम्ही ऐकलं कधी? चाक गरगर फिरायचं, टाक त्याला लावला की चिर्रर आवाज यायचा. आधी नथीचा ठिपका गेला. मग ओठ. मग एका वर्षी मी, मिसरूडही फुटलं नव्हतं मला, टाक हातात घेतला तर बोटाला नाकच लागंना. मी म्हणालो, "अप्पा, आईचं नाक गेलं." तुम्ही वरसुद्धा बघितलं नाही. म्हणालात, "नाक काय करायचंय? चकाकतंय कसं ते बघ. कामात तोंड घालू नगं, जा, पातेल्याखाली जाळ घाल."

मी जाळ घातला. पण दुसऱ्या दिवशी झारेकरी आला तेव्हा मी दारातच होतो. झारेकरी, चांदीवाल्यांच्या दुकानातली झाडलेली धूळ नेऊन, धुऊन त्यातली चांदी काढणारा. तुम्ही चाकाखालचा पत्र्याचा डबा त्याच्या पोत्यात उपडा केला, वर दोन थापा मारल्या, काही राहू नये म्हणून. त्या पोत्यात आईचं नाक होतं, अप्पा. दुनियेच्या खंडोबांच्या आणि भवान्यांच्या धुळीत मिसळलेलं माझ्या आईचं नाक तुम्ही थापा मारून दिलंत, आणि वर त्याला म्हणालात, "बस, च्या घे." मला आयुष्यात इतका राग कुणाचा आला नाही. घर मी पुढं काही वर्षांनी सोडलं, पण निघालो मी त्या दिवशीच.

तुम्ही गेलात तेव्हा आलो होतो. तेव्हाचंही माझ्या डोक्यात बसलंय. बायकांनी मावशीचं मंगळसूत्र काढलं, टाकाचा दोरा काढायला गेल्या तर तिनं मुठीत धरला. "हिला न्हाय काढायचं." मी दहाव्याला तिला म्हणालो, टाक मला दे, आता तुझा काय संबंध. तिनं मूठ काही उघडली नाही. मी तसाच स्टँडवर आलो आणि मिळाली ती गाडी धरली. तेव्हापासून फोन नाही, भेट नाही. मला वाटलं, तुम्ही तर गेलात, पण सवय तिला लावून गेलात. आता ती घासत बसेल, राहिलेलं कपाळही जाईल, आणि एक दिवस नुसता गुळगुळीत पत्रा राहील.

तर बाहुला. आधी मी त्याच्या टाचेखाली लावून बघितलं, मोबाइलचे बोर्ड धुवायचं पाणी, कापसाच्या काडीवर. मळ निघाला, चमक टिकली. मग त्याच्या मांडीवर जरा जोर दिला तर चमकच उडाली आणि खाली पांढरं प्लास्टिक दिसायला लागलं. चिलखत म्हणजे काय, तर आरशाचा नुसता फुंकर मारल्याएवढा थर. मग हलकं, अगदी हलकं, काडी बदलत बदलत छातीची उजवी बाजू साफ केली. लख्ख झाली. आणि लांब धरून बघितली तर वेलबुट्टी गायब. आहे, बोटाला लागते, पण दिसत नाही. सगळी चमक एक होऊन बसली. मी दोन्ही बाजू दिसतील असा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन, "भाऊ, डाव्या बाजूला नक्षी जास्त आहे का?" मी म्हणालो, "डॉक्टर, नक्षी दोन्हीकडं सारखीच. डावीकडं खाचेत मळ आहे, म्हणून दिसते." ते म्हणाले, "मग खाचेतला राहू द्या. वरवरचा तेवढा काढा." दाताच्या डॉक्टरला एका फोटोत कळलं, अप्पा. खाच कुठली, उंचवटा कुठला. तुम्ही स्वतःच्या हातानं उठवलेला चेहरा, तुम्हाला कसं कळलं नाही?

दोस्त मला समजावतो. म्हणतो, "बापाला बघवत नसंल रे तुज्या आईकडं. म्हणून घासलं असंल." असंल. मलाही हे सुचलंय, मी काही दगड नाही. पण बघवत नव्हतं तर बघायचं नव्हतं. पेटीत ठेवायचा. माझ्याशी एकदा बोलायचं, की पोरा, तुझी आई अशी होती, अशी हसायची, मिरची जास्त टाकायची, काहीतरी. तुम्ही एक वाक्य बोलला नाहीत तिच्याबद्दल. तिच्याबद्दलचं बोलणं सगळं मावशीनं केलं, जिनं तिला बघितलंसुद्धा नव्हतं. तुम्ही नुसतं चाक फिरवलं. दुःख तुमच्या एकट्याचं होतं काय? टाक तुमच्या एकट्याचा होता काय?

इथपर्यंत लिहिलं आणि पुढच्या दुकानातनं दोस्ताची हाक आली. "अरे बाहेर ये, तुज्याकडं कोण तरी बाई आलीय, पिशवी बघ केवढी." मला वाटलं गिऱ्हाईक. गेलो तर मावशी. दोन गाड्या बदलून आलेली, पदरानं तोंड पुसत दुकानाच्या पायरीवर बसलेली. तीच म्हणाली, "तुळजापूरच्या जीपवाल्यानं सांगितलं तू हितं हाईस म्हणून. लई वाळलास की रे. खातोस का न्हाय काही?" मग पिशवीतनं भाकरी, शेंगाची चटणी, असलं काढत बसली. दोस्त खुर्ची द्यायला लागला तर म्हणते, "नगं, खालीच बरं." आणि मग माझ्या हाताकडं, काडीकडं, त्या बाहुल्याकडं बघून एकदम गळ्यातल्या टाकावर हात धरला. "तू म्हणं घासून साफ करतोस. ह्याला हात लावायचा न्हाय बघ. ते गेल्यापास्नं म्या ह्याला पाणी सुदिक लावलं न्हाय. हळद बसली, त्याल बसलं, काळा पडलाय. पर नाक वर आलंय बघ तिचं. मला वाटलं तुला दाखवावं. तू रागानं गेलास ना."

मी आत पळून आलो. चहा सांगतो म्हणून आलो आणि हे लिहितोय. लांबनं दिसलं मला, पत्रा पार काळा, आणि त्यात मान कललेली. जवळ जायचं धाडस होत नाही. नाक खरंच असेल, खाचेतला मळ धरून उभं राहिलेलं, नाहीतर मावशीला वाटत असेल नुसतं. हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठं ते मला माहीत नाही, मी ते बाहुल्याच्या खोक्यात थर्माकोलखाली ठेवून देईन, आणि खोकं लातूरला जायच्या आधी काढून घेईन. पण एक गोष्ट लिहायची राहिली, ती कुणापुढं कबूल केली नाही. मला आई आठवत नाही, अप्पा. कधीच आठवली नाही. डोळे मिटले की जी येते ती तुमच्या छिन्नीची येते.

मावशी हाक मारतीय. चहा निवतोय म्हणते.