कोपऱ्यावर वळायचं नाही

ठमाबाई,

तुझे पणजोबा सायकलवरून जात, आजोबा स्कूटरवरून आणि वडील मोटारसायकलवरून. तिघांनीही कामावर निघताना कोपऱ्यावर वळून घराला चेहरा दाखवला आणि मगच ते दिसेनासे झाले. तोच दंडक मी तुला घालून दिला. म्हणून तू पुढचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट घेतलंस, आणि तो वर करून मला हात करतानाच गाडीवरून घसरलीस. तुझ्या हनुवटीला टाके पडले ते माझ्यामुळे.

टेबलावर नवीन हेल्मेट ठेवलं आहे. जुन्याची खिट्टी प्लास्टिकची होती, याची धातूची आहे. दुकानदाराने विचारलं, "आजी, गाडी तुम्ही चालवणार?" मी म्हटलं, "ते मी बघेन, तू आधी खिट्टी लावून दाखव." गालांना घट्ट वाटेल, पण ते तसंच हवं, मागच्या वेळी "एक माप मोठं घे" हे शहाणपण माझंच होतं. आधी चष्मा घाल, पुढचा भाग खाली ओढ, खिट्टी बसल्याचा आवाज ऐक आणि मगच गाडी सुरू कर.

मी दोन दिवस तुझ्या आत्याकडे आहे. हे समोरासमोर सांगणं मला जमलं नसतं. परत आल्यावर मी गॅलरीत उभी राहणार नाही, आणि तूही मागे वळायचं नाहीस. हा माझा हुकूम आहे. चेहरा दाखवण्याचं या घराचं जुनं देणं तू रक्त सांडून पुरतं फेडलं आहेस.

— आजी