पांढऱ्या गाईची किल्ली

बाबा, परवा कुहीकडच्या एका नदीकाठच्या गावात गेलो होतो. पुराआधी काय तयारी ठेवायची, हे शेतकऱ्यांना सांगायचं आता माझं काम आहे. नागपूरच्या सदर भागातल्या ऑफिसातून छापील कागद मिळतो. त्यात माणसांसाठी सगळं आहे, गुरांसाठी एकच ओळ: जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत. सकाळी बुद्धवंदना म्हणून निघालो होतो. धानाच्या बांध्यांवर धुकं होतं आणि त्यातल्या गाई पाण्यात उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. मग वाटभर तुम्हीच दिसत राहिलात.

तुम्ही गोठ्यात गुरं बांधताय. दाव्याला सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. मी घट्ट गाठ मारली की ती सोडायला लावायचात. "पानी आलं तं गाठ सोडत बसशीन का गा?" एवढंच बोलायचात. नदी तेव्हा दूर, चिंचेखाली बसलेल्या म्हशीसारखी शांत.

पुढे मला नागपूरला नोकरी लागली, गावात गुरं चोरीला जाऊ लागली, आणि मी शहाणा झालो. पांढऱ्या गाईसाठी लोखंडी साखळी नि कुलूप घेऊन आलो. तुम्हाला ते पटलं नाही. पण पोरानं आणलं म्हणून वापरत राहिलात, किल्ली करदोट्याला बांधून. त्या रविवारी तुम्हाला बरं नव्हतं, म्हणून गाय मी बांधली. किल्ली माझ्या खिशात गेली आणि मी एसटीत बसून शहरात आलो. सोमवारी उजाडताना नदी गोठ्यात शिरली. बाकीची गुरं तुम्ही एकेका ओढीत मोकळी केली. ती पोहत टेकाडाला लागली. पांढरीची साखळी तुटेना, खुंटा उपटेना. तुम्ही छातीभर पाण्यात उभे आहात, तिचं तोंड वर धरून. हे मी पाहिलेलं नाही, तरी पाहत असतो. पाणी तिच्या शिंगांवरून गेलं, तेव्हा शेजाऱ्यांनी तुम्हाला ओढून नेलं.

मी पोचलो तेव्हा टेकाडावर गाव जमलं होतं. किल्ली कुठं होती, असं कुणीतरी विचारलं. माझा हात खिशात होता. माझ्याकडे न पाहता तुम्ही म्हणालात, "माह्याच हातून पडली पान्यात." तुम्ही गेलात तोवर आपण त्यावर कधी बोललो नाही. ती चूक तुमची नव्हती, हे आता मला एकट्यालाच माहीत आहे.

परवाच्या गावातही गोठ्यागोठ्यात कुलपं. ती काढा म्हटलं, तर एक जण म्हणाला, "साहेब, चोर रोज फिरते. पूर कधीमधी येते." त्याचंही खरं होतं. कागदात त्याला उत्तर नव्हतं. मग मी पांढरीची गोष्ट सांगितली. एका गावातली, एवढंच म्हणून. बायका जवळ सरकल्या. त्याच माणसानं उठून आपल्या बैलाचं कुलूप काढलं, आणि मी त्याला सुरगाठ मारून दाखवली. हात तुमचेच वाटत होते. तेवढ्यात मागून एका म्हातारीनं विचारलं, "पन किल्ली कोनाजोळ होती गा?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. खरं सांगायला याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती. "म्हाताऱ्याजवळ," मी म्हणालो. "त्याच्याच हातून पडली."

"म्हाताऱ्याजोळ काहून द्याव वं असली वस्तू," ती शेजारणीला म्हणाली. लोक हसले.

हा कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही, म्हणूनच लिहू शकतो आहे. बाबा, त्यांच्यासोबत मीही हसलो.