साखळीऐवजी दोर

प्रिय आयविंद,

ट्रोम्सोला अजून बर्फ असेल. इथे हाउगेसुंडला आता नुसता वारा आहे. परवा तुझ्या आईकडे वॅफल खाल्ले. तिने तुझी चौकशी केली. मी म्हटलं, बरा असेल.

माझं काम तेच, तरंगत्या पवनचक्क्या समुद्रात जागच्या जागी धरून ठेवायचं. यंदा ऊत्सिरा बेटापलीकडच्या चक्क्या माझ्याकडे होत्या. पहिल्या आराखड्यात नांगरापासून चक्कीपर्यंत सगळी पोलादी साखळी होती. साखळीच्या वजनानेच चक्की सावरते, हे तिचं चांगलं. पण ती समुद्रात सोडताना तेच वजन बोटीच्या कडेला लटकतं आणि वाईट लाटेत बोट कलते. हे तुला मी काय सांगायचं? तुझा भाऊ अशाच कललेल्या बोटीवरून गेला तेव्हा त्याच डेकवर तू होतास. त्यानंतर तू बोट सोडलीस, मग गाव, मग आपलं घर.

हिवाळ्यात मी मधली साखळी काढून तिथे पॉलिएस्टरचा जाड दोर घातला. दोर हलका, पण तळाला घासून चालत नाही, ताणलाही जातो. सगळी गणितं पुन्हा मांडावी लागली. ऑफिसातला हाल्वोर हसला. "तूरुन, साखळी तुझ्या स्वप्नात येते की काय?" मी म्हटलं, "आकडे बघ." आकडे खरोखरच चांगले होते. आराखडा मंजूर झाला.

त्याआधी शरदात एकदा आपली इंगविल्ड स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आई, नांगर टाकणाऱ्या बोटीवर मला डेकवरचं काम मिळालंय. तुझ्याच चक्क्यांचं. बाबाला सांगू नकोस. सुखरूप परत आले की मीच सांगेन." मी विचारलं, "आणि नाही आलीस तर?" "मग तू सांग," म्हणाली आणि पुढचा बटाटा उचलला.

मे महिन्यात काम सुरू झालं तेव्हा मीही बोटीवर होते, वर कप्तान शेटिलजवळ. दुपारी वारा चढला आणि नेमका दोर अर्धा बाहेर असताना तो सोडणारं यंत्र अडकलं. बोट कलली. खाली डेकवर नारिंगी कपड्यांतली माणसं कठड्याला धरून होती. त्यांतली आपली कोणती, ते मला ओळखू येईना. शेटिल लाटांवरून नजर न काढता म्हणाला, "साखळी असती तर आत्ता कापून टाकायला लागली असती." लाट गेली आणि बोट आपोआप सरळ झाली. काही वेळाने यंत्रही चालू झालं. इंगविल्ड वर आली ती निथळत. "आई, खायला काय आहे?" मी मटणाचं सूप वाढलं. तिने दोनदा घेतलं. ती जेवेपर्यंत मी समोर बसून होते.

रविवारी ती तुला फोन करणार आहे. सगळं सांगेल, पुढचं कंत्राटही घेतलंय हेसुद्धा. तू गप्प होशील. ते गप्प होणं मी बरीच वर्षं पाहिलंय. ती त्याचा अर्थ 'नको' असा घेईल आणि तरीही जाईल, फक्त पुन्हा तुला काही सांगणार नाही. म्हणून हे आधी लिहिलं. जेवढं गप्प बसायचंय तेवढं रविवारपर्यंत बसून घे. फोन आला की तिला विचार, समुद्र कसा होता.

एके काळची तुझीच,
तूरुन