स्वतःहून गेलेलं गाढव

आई,

गाढव स्वतःहून गेलं नव्हतं. हे तुला ठाऊक होतं आणि मलाही फार वर्षांपासून ठाऊक आहे, पण आपण दोघी एकमेकींसमोर ते कधी बोललो नाही. आता तू नाहीस, तर निदान कागदावर तरी बोलून घेते.

चाकणच्या कंपनीत तू दिवसभर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचीस आणि थेरगावच्या आपल्या खोलीवर येताना पिशवीत उरलेले तुकडे आणायचीस. त्यातून तू माझ्यासाठी घोडा करायला घेतलास. कान लांब झाले, तेव्हा स्वतःच हसत म्हणालीस, "जाऊ दे माय, गाढव म्हणू त्याला. गाढवं कामाला चांगली असतेत." राखाडी रेक्झिनचं अंग, पोटात फोम, डोळ्यांना टिचबटणं. एक कान मी चावून उसवला, तो तू लाल दोऱ्यानं टाचलास, कारण घरात तेवढाच दोरा होता.

त्या वर्षी गणपतीत गल्लीतल्या मंडळानं पडदा बांधून सिनेमा दाखवला. हिंदीत डब केलेला, जिवंत होणाऱ्या खेळण्यांचा. माणसं बाहेर पडली की खेळणी उठतात, भांडतात, गाड्यांच्या चाकांतून वाट काढत गाव ओलांडतात. मी तुझ्या मांडीवर तोंडाचा आ करून बसले होते. दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा तू पहिल्या पाळीला गेली होतीस आणि गाढव पिठाच्या डब्याशी उभं होतं, नाकाला पीठ. मग हे रोजचंच झालं. कधी ते माझ्या शाळेच्या बुटात बसलेलं, कधी आरशासमोर तुझी टिकली लावून. कंपनीची बस चुकेल म्हणून तू घास गिळत पळायचीस, तरी गाढवासाठी तुला दोन मिनिटं सापडायची. इतक्या लाडानं मला पुन्हा कुणी फसवलं नाही. म्हणून तर पुढचं मला अजून पचत नाही.

एका रविवारी तू मला बागेत नेणार होतीस आणि ऐनवेळी ओव्हरटाइम लागला. तू चपला घालत होतीस. मी गाढव उचलून भिंतीवर आपटलं आणि ओरडले, "तू पण जा!" तू बघितलंस आणि पिशवी उचलून निघालीस. दोन-तीन दिवसांनी शाळेतून आले तर गाढव कुठंच नाही. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तूच म्हणलीस ना जा म्हणून? गेलं. सिनेमात बघितलीस की, नीट वागवलं नाही की जातेत."

मी डांगे चौकापर्यंत चालत गेले. फुलवाल्या मावशींना विचारलं, राखाडी गाढव जाताना दिसलं का. त्या पोट धरून हसल्या. घरी मी दार किलकिलं ठेवायचे, तू लावायचीस, मी पुन्हा उघडायचे. खिडकीशी उभी राहून रस्त्याकडं बघत माफी मागायचे, परत कधी आपटणार नाही, शप्पथ. एकदा मी वळले तर तू मागंच उभी होतीस, हात पिठाचे. सगळं ऐकलं होतंस. तेव्हा तू एक वाक्य बोलायला हवं होतंस. तू म्हणालीस, "कशाला रडायलीस? जेव चल."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीत मशिनींची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. तू नवी साडी नेसलीस, मला दोन वेण्या घातल्यास. शिलाई मशिनींच्या रांगांवर झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, पेढ्यांची ताटं. तुझं मशीन मला दाखवताना तुझा चेहरा किती खुलला होता. आणि तिथंच, सुपरवायझर साहेबांच्या मुलीच्या कडेवर माझं गाढव. गळ्यात रिबीन. कानाला लाल टाका.

मी म्हणाले, "आई, ते आपलं..." तू माझा दंड दाबलास. "तसली लई केलेत मी. ते तुझं नाही." साहेब खाली वाकून म्हणाले, "काय गं, तुला पण पाहिजे? आई देईल की करून!" तू हसलीस. त्यांच्याबरोबर, माझ्याकडं बघत हसलीस. तुझं ते हसू मला कधी विसरता आलं नाही.

दिवाळीनंतर तू कंपनीत कायम झालीस. किती वर्षं तू ठेकेदाराच्या हजेरीवर राबत होतीस आणि तो साहेब एका शब्दानं काय करू शकत होता, हे मला आज कळतं. त्याच नोकरीवर मी शिकले. गाढव दिलंस याचा राग नाही गं. मागितलं असतंस तर भोकाड पसरलं असतं, पण दिलं असतं. तू ते माझ्याच माथी मारलंस, हे मला लागलं. पुढं कितीतरी दिवस मला वाटायचं, ज्याच्यावर मी चिडेन ते मला सोडून जाईल. मी मोठेपणी कुणाशी धड भांडलेसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात चिंचवडला तुझ्या नातीला तसलाच सिनेमा दाखवला. रिक्षात तिनं विचारलं, "मम्मा, तुझं कुठलं खेळणं खरंच गेलं होतं का?" मी सगळं सांगायचं ठरवलं. बुटातलं सांगितलं, टिकलीचं सांगितलं. मी आपटल्याचं सांगितलं. पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "मग ते गेलं. आजीनं स्वतः बघितलं त्याला जाताना."

तेव्हापासून ती शाळेला जायच्या आधी एकेका खेळण्याला सॉरी म्हणते. परवा व्हॅन खाली हॉर्न देत होती आणि ही जिन्यातून परत वर पळत आली, एका बाहुलीचा पाय दुमडलेला राहिला म्हणून. घामाघूम झाली होती. मी म्हटलं, "अगं, ती कुठं जात नाही." तर म्हणाली, "आजीनं बघितलंय ना!"

तिला खरं सांगितलं की तिची भीती जाईल, हे मला स्वच्छ दिसतंय. एका वाक्याचं काम आहे. हा कागद कुठं पोचणार नाही, म्हणून कबूल करते: तुझ्यावर एवढी चिडलेली असूनही तुला तिच्यापुढं खोटी पाडायला माझी जीभ रेटत नाही. आणि त्यापायी रोज सकाळी मी माझ्या पोरीला माफी मागू देते.