मागच्या गोळ्याचं तेल

हिंगोली
रविवार, दुपार

प्रिय माहेनूर,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकली असशील. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. हे फोनवर सांगायला गेले असते तर तू मधेच हसली असतीस, मी त्याचा फायदा घेऊन विषय बदलला असता, आणि पुन्हा सगळं राहून गेलं असतं. म्हणून कागद. आणि मी सध्या इतकी संतापलेली आहे की एका कागदात भागेल असं दिसत नाही.

पहिला राग जीपवर. प्रेमानंद गेले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की आता बाई जीप विकणार. मी एकावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं. तेव्हापासून पुसेगावच्या रानात हळद पाहायला मी माझी जाते, कुणाच्या मागच्या सीटवर पदर सावरत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आमचा इंजिनिअर धम्मदीप पुण्याहून आला. त्याने जीपखाली डोकावून पाहिलं आणि म्हणाला, आई, खालून किती गंजलीय ही. दुसऱ्या दिवशी नांदेडला नेऊन गाडीच्या अख्ख्या पोटाला जाड काळा लेप मारून आणला. गंज धरू नये म्हणून. मला कोण कौतुक! शेजारच्या रुख्मिणीबाईंना बोलावून वाकून बघायला लावलं. त्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "व्हय बाई, बुडाला काजळ घातल्यावानी दिसून राह्यलं."

पंधरा दिवसांत अंगणातल्या फरशीवर तेलाचा डाग पडला. साधं तेल नव्हे, कुजक्या अंड्यासारखा वास येणारं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल म्हणतात त्याला, त्यातलं तेल. ते संपलं की आतली दातेरी चक्रं कोरडी घासतात आणि गाडी रस्त्यात बसते. मी नेहमीप्रमाणे तुझ्या भावाकडे गेले. प्रेमानंद होते तेव्हापासून या जीपला कादरशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. त्याने गोळ्याच्या तोंडाचं रबरी सील बदललं. वीस दिवसांत पुन्हा डाग. त्याने पुन्हा सील बदललं. डिसेंबरात कनेरगाव नाक्याच्या अलीकडे गोळा असा काही कण्हायला लागला की ढाब्यावरची माणसं चहाचे कप हातात धरून बघत राहिली. एकजण म्हणालाच, "मावशे, गाडीत डुक्कर बसवलंय का?" मी जोरात हॉर्न वाजवला आणि गाडी पुढे काढली.

त्याच तिरमिरीत मी जीप कादरच्या गॅरेजवर नेली. चार-पाच गिऱ्हाईकं बसली होती, त्यातली दोन माझ्या हाताखाली शिकलेली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, कादर, तुझ्या हातालाच गंज चढलाय, दुकानाला कुलूप लाव आणि घरी बस. त्याने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "चूक झाली असंल बाई." बस, एवढंच. मला त्याचाही राग आला. घरी येऊन आमच्या सेवानिवृत्तांच्या ग्रुपवर मी त्याचं नाव घालून लिहिलं, की दोनदा काम करून दोनदा गाडी बिघडवणाऱ्या माणसाकडे आपली वाहनं नेऊ नयेत. शुद्ध, मुद्देसूद, आपल्या शाळेतल्या सिस्टर अ‍ॅग्नेसने दहापैकी दहा दिले असते असं. एकशे साठ माणसं आहेत तिथे. बाई चुकीचं लिहीत नाहीत, अशी त्यांची समजूत.

पुढचा राग नांदेडच्या वर्कशॉपवर. तिथे काच, थंडगार हवा, आणि टाय बांधलेला एक मुलगा, जो मला आंटी म्हणाला. गाडीखाली न वाकता त्याने निकाल दिला, की मागचा सगळा आस बदलावा लागेल, आणि आंटी, खरं तर गाडीच बदला. मी म्हटलं, बाळ, तू तपासायच्या आधी निकाल लावतोस, शाळा कुठली तुझी? जीप कण्हत कण्हत परत आणली.

आता सगळ्यात मोठा राग ऐक. गेल्या रविवारी मी विहारात वंदनेला गेले होते. परत येते तो रुख्मिणीबाई फाटकातच उभ्या. कादर येऊन गेला होता. माझ्या अंगणात सतरंजी टाकून, उताणा पडून, दोन तास जीपखाली होता. त्या म्हणाल्या, "काय खरडून राह्यला होता बाई, दातातली घाण काढावी तसं. काळं काळं समदं त्याच्या डोळ्यात पडून राह्यलं." गोळ्याच्या वरच्या अंगाला हवा जायला बोंडाएवढी टोपी असते. ती लेपाखाली गच्च बुजली होती. गाडी पळली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, तिला वाट मिळत नाही, आणि मग ती सील ढकलून तेलासकट बाहेर येते. दहा सिलं बदलली असती तरी दहाही गेली असती. त्याने टोपी मोकळी केली, नवं सील बसवलं, तेल भरलं, फरशीवरचा माझा जुना डागसुद्धा राखेने घासून काढला. रुख्मिणीबाईंनी चहा घ्या म्हटलं तर म्हणाला, "बाई येतील, मी जातो. सांगा त्यांना, आता गळणार न्हाई." माझ्या दारातून हा माणूस चहा न घेता गेला, माहेनूर! कोण समजतो स्वतःला?

चार दिवस मी अशीच धुसफुसत होते. धम्मदीपला फोन करून झाडलं. तो म्हणाला, आई, लेप मारणाऱ्याने टोपी झाकायला हवी होती, आणि तुझ्या मेकॅनिकला ती दिसली कशी नाही? मी फोन ठेवला. कारण त्याला ती दिसली होती. दुसऱ्या वेळेला सील बदलताना तो जीपखालून बाहेर आला होता, आणि मला स्वच्छ विचारलं होतं, "बाई, हवेची टोपी लेपात गेल्यासारखी दिसून राह्यली. तेवढं खरडू का?" मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, लेपाला हात लावायचा नाही. ते इंजिनिअरचं काम आहे, रस्त्याच्या कडेचं नाही. तो म्हणाला, "बराबर हाय बाई," आणि मुकाट्याने सील बदललं. नंतर त्या गिऱ्हाईकांदेखत मी त्याचं दुकान बंद करायला निघाले, तेव्हा हे एक वाक्य त्याने उच्चारलं असतं तर मी तिथेच गप्प झाले असते. माझे दोन विद्यार्थी बसले होते म्हणून तो बोलला नाही.

आज सकाळी मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, इंजिनिअरच्या वाक्यासकट. तर भागवत गुरुजींनी काय लिहावं? "आपल्या मनाचा मोठेपणा, मॅडम." खाली हात जोडलेल्यांची रांग. मला त्यांचे हात धरून हलवावेसे वाटले. मग गॅरेजवर गेले. एरवी तीन-चार जिपा उभ्या असतात तिथे एकच ट्रॅक्टर होता. मी उभ्या उभ्या माफी मागितली. कादरने खुर्ची पुसून पुढे केली, म्हणाला, "तेल थांबलं ना बाई? मग झालं," आणि ट्रॅक्टरखाली गेला. मी अर्धा तास त्याच्या पायांकडे बघत बसले. तो बाहेर आला नाही.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. नाताळात तू हैदराबादहून फोन केलास. रडत होतीस. ग्रुपमधलं माझं लिहिणं कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचवलं होतं. म्हणालीस, पद्मा, माझ्या भावाकडून चूक झाली, मी त्याला खूप बोलले, त्याच्या वतीने मी माफी मागते, आपल्या दोघींत हे आणू नकोस. म्हणजे त्याने तुलाही सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीची बोलणी खाल्ली, पण तिच्या मैत्रिणीचं नाव घेतलं नाही. आणि मी, त्याने विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर दोन्ही पक्कं आठवत असताना, मोठ्या मनाने म्हणाले, जाऊ दे माहेनूर, होतं माणसाकडून. तू माझे आभार मानलेस. मी तेही घेतले. कादरशी माझं मी बघेन, रोज जाऊन त्या खुर्चीत बसेन, कधीतरी ट्रॅक्टर संपतील. पण त्या दिवशी तू त्याला जे बोललीस ते माझ्या वाट्याचं होतं. हे वाचलंस की त्याला फोन कर आणि तुझे शब्द परत घे. मग फोन करून तीच बोलणी मला ऐकव, एकही शब्द न गाळता. मी मधे बोलणार नाही.

तुझीच,
पद्मा